‘हल्ला’ की ‘चावा’? : शार्कविषयक वृत्तभाषेचा विचार

समुद्रात फळीवर स्वार होऊन लाटांशी किंवा पतंगाच्या ओढीने वाऱ्याशी खेळणाऱ्या एखाद्या तरुणास शार्क माशाने जखमी केले आणि तो त्या संकटातून वाचला, की त्याची वार्ता इंग्रजी वृत्तपत्रांतून ‘अटॅक’ या शब्दाने आणि मराठी वृत्तपत्रांतून ‘हल्ला’ या शब्दाने दिली जाते. हा शब्द इतका रुळलेला आहे की तो निवडलेला शब्द आहे, त्याच्या जागी दुसरा शब्द येऊ शकला असता, हे वाचकाच्या ध्यानातही येत नाही. प्रस्तुत लेखाचा हेतु या निवडीचा विचार करणे हा आहे. शार्कचा स्वभाव कसा असतो हे ठरविण्याचा अधिकार प्राणिशास्त्रज्ञाचा. परंतु एकाच घटनेला दोन नावे देता येत असतील, तर त्यांपैकी प्रत्येक नाव घटनेविषयी काय सांगते आणि काय झाकते, हे पाहणे भाषेच्या अभ्यासकाचे काम आहे. या ठिकाणी तो प्रश्न केवळ शब्दांचा राहत नाही. माणसांचे प्राण कसे वाचवावेत आणि प्राण्यांचे कितपत घ्यावेत, हे निर्णयही त्याच्याशी निगडित आहेत, असे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

१. एक उदाहरण

विवेचनास आधार म्हणून एक सर्वश्रुत घटना घेऊ. ३१ ऑक्टोबर २००३ रोजी सकाळी हवाई द्वीपसमूहातील काउआई बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर बेथनी हॅमिल्टन ही तेरा वर्षांची मुलगी आपली मैत्रीण ॲलाना ब्लँचर्ड हिच्यासह लाटांवर फळी चालविण्यास गेली होती. मैत्रिणीचे वडील व भाऊही बरोबर होते. बेथनी फळीवर पालथी पडून डावा हात पाण्यात सोडून होती. सुमारे चौदा फूट लांबीच्या टायगर शार्कने तो हात खांद्याच्या किंचित खाली तोडला. फळीचाही अर्धवर्तुळाकार लचका गेला. मैत्रिणीच्या वडिलांनी फळी पायाला बांधावयाची दोरी तिच्या दंडाच्या उरलेल्या भागाभोवती आवळली व रक्तस्राव रोखला. रुग्णालयात पोहोचेपर्यंत तिच्या शरीरातील निम्म्याहून अधिक रक्त गेले होते. त्याच सकाळी त्याच रुग्णालयात तिच्या वडिलांच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया व्हावयाची होती. त्यांच्याऐवजी मुलीला शस्त्रक्रियागृहात नेण्यात आले. ती वाचली. एक महिना पुरा होण्यापूर्वीच, २६ नोव्हेंबर रोजी, ती पुन्हा फळी घेऊन समुद्रात उतरली, आणि २००५ साली तिने अमेरिकेतील शालेय लाटाफळी स्पर्धेत राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. तिचे आत्मकथन २००४ साली प्रसिद्ध झाले व २०११ साली त्यावर चित्रपटही निघाला.

वरील परिच्छेदात ‘हल्ला’ हा शब्द एकदाही आलेला नाही, तरी सांगावयाचे काही राहून गेले आहे असे वाचकास बहुधा वाटणार नाही. हात तुटला, रक्त गेले, दोरी आवळली, प्राण वाचले. घटनेचे भीषणत्व कमी झालेले नाही. मग ‘हल्ला’ हा शब्द या वर्णनात नेमकी कोणती भर घालतो? तो भर घालतो ती हेतूची. कोणीतरी ठरवून, कोणावर तरी, चाल केली, असे तो सांगतो. आणि शार्कच्या मनातील हेतु ही त्या सकाळच्या घटनेतील अशी एकच गोष्ट आहे की जी किनाऱ्यावरील कोणीही पाहिलेली नव्हती.

२. मराठी क्रियापदांची साक्ष

या प्रश्नावर मराठी भाषेची रचना काही प्रकाश टाकते काय, हे आता पाहू. पुढील तीन वाक्ये घ्या :

(अ) कुत्रा मुलाला चावला.
(आ) कुत्र्याने मुलाचा चावा घेतला.
(इ) कुत्र्याने मुलावर हल्ला केला.

भूतकाळी सकर्मक क्रियापदाचा कर्ता ‘ने’ हा प्रत्यय घेतो आणि क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालते, हा मराठीतील सामान्य नियम होय. ‘मुलाने सुपारी चावली’ या वाक्यात तोच दिसतो. परंतु वाक्य (अ) मध्ये तेच ‘चावणे’ वेगळ्या तऱ्हेने चालते. ‘कुत्रा’ प्रथमेत आहे, क्रियापद त्याच्याशी जुळते, आणि मुलगा ‘ला’ प्रत्ययाने येतो. सुपारी चावणारा मुलगा ‘ने’ घेतो, मुलाला चावणारा कुत्रा घेत नाही. साप ‘डसला’, विंचू ‘चावला’ ही वाक्ये याच वळणाची. याच रचनेत बसणारी आणखी वाक्ये पाहिली तर त्यांची जात ध्यानात येते : ‘मित्र मला भेटला’, ‘दगड मला लागला’, ‘काटा मला बोचला’. ही सारी गाठ पडण्याची, स्पर्शाची, वाट्यास येण्याची वाक्ये आहेत. कर्ता तेथे आहे, पण त्याच्या ठायी करणीचा भार ठेवलेला नाही.

दुसरी एक कसोटी लावून पाहता येईल. ‘नवी चप्पल चावते’ असे आपण सहज म्हणतो. निर्जीव वस्तूलाही ‘चावणे’ चालते. ‘चप्पल हल्ला करते’ असे विनोदाखेरीज कोणी म्हणणार नाही. उलट ‘हल्ला’ या शब्दापुढे ‘योजून’, ‘पूर्वतयारीने’, ‘सूडबुद्धीने’ ही क्रियाविशेषणे विनासायास येऊन बसतात. शिवाय ‘हल्ला’ हा ‘वर’ हे शब्दयोगी अव्यय मागतो : किल्ल्यावर हल्ला, छावणीवर हल्ला, पुढाऱ्यावर हल्ला. म्हणजे लक्ष्य आधी ठरलेले असते. हा रणांगणातील शब्द आहे, आणि तो जेथे जातो तेथे रणांगण बरोबर घेऊन जातो.

व्याकरणातून थेट तत्त्वज्ञान काढण्याचा मोह येथे आवरला पाहिजे. ‘कुत्रा चावला’ असे म्हणणारा मराठी मनुष्य कुत्र्याला निरपराध मानतो, असा याचा अर्थ नव्हे. तो काठी घेऊन धावतोही. भाषेची रचना विचाराला बांधून टाकते हे मत त्याच्या टोकाच्या रूपात आज बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मान्य करीत नाहीत. येथे दावा एवढाच आहे की, हेतूविषयी मौन पाळून घटना सांगण्याची सोय मराठीत आधीपासून आहे आणि ती रोजच्या वापरातील आहे. तिच्यासाठी नवी परिभाषा घडवावी लागत नाही.

एवढेच नव्हे, तर भयप्रद प्राण्यांविषयी बोलताना शब्द जपून वापरण्याची आपली परंपराही जुनी आहे. सर्पदंश झाला असता ‘पान लागले’ असे म्हणण्याची रीत महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून आहे. सापाचे नाव न घेता ‘जनावर’ किंवा ‘लांबडे’ म्हणावयाचे, वाघाला ‘वाघोबा’ म्हणावयाचे, ही त्याच रीतीची रूपे होत. यांच्या मुळाशी भीतीही आहे आणि शेजारधर्मही. ज्याच्यासह राहावयाचे आहे त्याला शत्रू म्हणून हाक मारावयाची नाही, हा संकेत त्यांत दिसतो.

३. एक मासा, दोन नावे

क्रियापदाचा विचार झाला. आता नामाकडे वळू. ‘शार्क’ हा शब्द मराठीत इंग्रजीमार्गे आला. इंग्रजीतही त्याची व्युत्पत्ती निश्चित झालेली नाही. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो इंग्रजी लेखनात दिसू लागतो आणि थोड्याच काळात लुबाडणारा, गिधाडवृत्तीचा मनुष्य या अर्थानेही वापरला जातो. म्हणजे मराठीत येण्यापूर्वीच त्या शब्दाला दुष्टतेची छटा चिकटलेली होती.

परंतु हा मासा आपल्याला अपरिचित नव्हता. कोकणपट्टीत त्याला ‘मुशी’ म्हणतात, मालवणीत ‘मोरी’ म्हणतात. लहान मुशी मुंबईच्या मासळीबाजारात नित्य विकावयास येतात आणि ‘मोरीचे मटण’ हा मालवणी स्वयंपाकातील प्रसिद्ध पदार्थ आहे. म्हणजे एकाच प्राणिवर्गास मराठीत दोन शब्द आहेत, आणि त्यांची वाटणी स्वयंपाकघर व वृत्तपत्र अशी झालेली आहे. जो मनुष्याने खावयाचा तो ‘मुशी’, जो मनुष्यास खाईल असे वाटते तो ‘शार्क’. ‘मुशीने हल्ला केला’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असूनही कानाला विचित्र लागते, याचे कारण हेच. मुशी स्त्रीलिंगी, घरगुती, टोपलीत मावणारी. शार्क पुल्लिंगी, परदेशी, पडद्यावरचा. या दोन शब्दांची गाठ मराठी वाचकाच्या मनात क्वचितच पडते, आणि म्हणून मुशीविषयीचे कोळी समाजाचे पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान शार्कविषयीच्या बातमीच्या उपयोगी पडत नाही.

याचा प्रत्यय फेब्रुवारी २०२४ मध्ये आला. पालघर जिल्ह्यात मनोरच्या परिसरात वैतरणेच्या खाडीत मासेमारीस गेलेल्या एका तरुणाच्या पायास शार्कने गंभीर इजा केली. बातम्या ‘हल्ला’ याच शब्दाने आल्या. शार्क खाडीत कसा, असे आश्चर्य अनेकांना वाटले. वस्तुतः बुल शार्क ही जात खाऱ्या पाण्याप्रमाणे गोड्या पाण्यातही राहू शकते, आणि नद्यांची मुखे व खाड्या हे तिचे नित्याचे क्षेत्र होय. अशा घटना आपल्या किनाऱ्यावर विरळा आहेत. परंतु विरळा घटनेसाठीच भाषा उसनी घेतली जाते, आणि उसन्या भाषेबरोबर उसनी भीतीही येते.

४. इंग्रजीत हा शब्द रूढ कसा झाला

‘अटॅक’ हा शब्द इंग्रजीतही अनादि नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतील अनेक सुशिक्षितांचा समज असा होता की, समशीतोष्ण समुद्रातील शार्क जिवंत मनुष्याला इजा करीत नाही. हर्मन ओल्रिक्स या धनिकाने १८९१ साली असे एक तरी उदाहरण सिद्ध करून दाखविणाऱ्यास पाचशे डॉलरचे बक्षीस जाहीर केले होते. या समजाला जुलै १९१६ मध्ये मोठा धक्का बसला. त्या महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांत न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर व एका खाडीत पाच जणांना शार्क चावला आणि त्यांपैकी चौघे मरण पावले.

ऑस्ट्रेलियात विसाव्या शतकाच्या आरंभी अशा प्रसंगांना ‘शार्क अपघात’ असेही म्हटले जात असे. तेथे परिभाषा पालटण्यात सिडनीचे शल्यचिकित्सक व्हिक्टर कॉपलसन यांचा मोठा वाटा आहे. शार्क मनुष्यावर हल्ला करतो याचा पुरावा पूर्ण झाला आहे, अशी भूमिका त्यांनी १९३३ साली वैद्यकीय नियतकालिकातील लेखात मांडली. पुढे १९५८ सालच्या ग्रंथात त्यांनी एकच ‘उनाड’ शार्क किनाऱ्याकिनाऱ्याने फिरून अनेक माणसांना धरतो असा सिद्धांत मांडला. नरभक्षक वाघाच्या कल्पनेशी या सिद्धांताचे साम्य उघड आहे. दरम्यान १९३७ पासून न्यू साउथ वेल्समध्ये किनाऱ्यालगत जाळी लावून शार्क पकडण्याचा कार्यक्रम सुरू झालेला होता. १९५८ सालीच अमेरिकेत, नौदलाच्या पाठिंब्याने, जगभरच्या अशा घटनांचा नोंदसंग्रह करण्यास आरंभ झाला. तोच आज फ्लॉरिडा येथील निसर्गेतिहास संग्रहालयात ठेवला जाणारा ‘आंतरराष्ट्रीय शार्क हल्ला नोंदसंग्रह’ होय. १९७४ ची ‘जॉज’ ही कादंबरी आणि १९७५ चा तिच्यावरील चित्रपट यांनी हा शब्द व त्यामागील चित्र घरोघर नेले.

या इतिहासावरून एक गोष्ट स्पष्ट होते. आधी ‘शार्क निरुपद्रवी आहे’ हे मत चुकीचे होते, आणि ते खोडून काढण्यासाठी ‘हल्ला’ हा जोरकस शब्द उपयोगी पडला. परंतु खंडनासाठी घेतलेला शब्द पुढे वर्गीकरणाचा शब्द बनला, आणि वर्गीकरणाच्या शब्दास जोर नव्हे, तर अचूकता लागते.

५. अचूकतेची अडचण

ही अडचण आकड्यांत दिसते. ख्रिस्तोफर नेफ व रॉबर्ट ह्यूटर या दोन संशोधकांनी २०१३ साली एका शोधनिबंधात असे दाखविले की, ‘शार्क हल्ला’ या एकाच सदराखाली अत्यंत भिन्न प्रसंग गोळा होतात. फळीला धक्का बसला पण मनुष्यास ओरखडाही उमटला नाही असा प्रसंग, लहान शार्कने पायाला दात लावून सोडून दिल्याचा प्रसंग, आणि प्राणघातक प्रसंग, या तिन्हींना एकच नाव. न्यू साउथ वेल्समध्ये १९७९ ते २००९ या काळात नोंदलेल्या ‘हल्ल्यां’पैकी ३८ टक्के प्रसंगांत कोणासही इजा झालेली नव्हती. ‘हल्ला’ वाचून वाचकाच्या मनात जे चित्र उभे राहते, त्याच्याशी या ३८ टक्क्यांचा काही संबंध नाही. म्हणून त्यांनी चार वर्ग सुचविले : शार्क केवळ दिसणे, त्याच्याशी गाठ पडणे, पण इजा न होणे, चावा, आणि प्राणघातक चावा.

नोंदसंग्रहाचे आकडेही येथे ध्यानात घेतले पाहिजेत. २०२३ साली जगभरात मनुष्याने न डिवचता शार्क चावल्याच्या ६९ घटना निश्चित झाल्या व त्यांपैकी १० प्राणघातक ठरल्या. २०२४ साली हेच आकडे ४७ व ४ होते. २०२३ च्या घटनांपैकी ४२ टक्के फळीवरील खेळ खेळणाऱ्यांच्या होत्या. लाटांवर व वाऱ्यावर खेळणारे तरुण जेथे लाट फुटते तेथेच दीर्घकाळ असतात आणि तेच शार्कच्याही भक्ष्यशोधाचे क्षेत्र असते, हे त्याचे एक कारण होय. दुसऱ्या बाजूस, बोरिस वर्म व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली केलेल्या अंदाजानुसार मनुष्याच्या हातून दरवर्षी मरणाऱ्या शार्कांची संख्या दहा कोटींच्या आसपास होती. ‘हल्ला’ या शब्दाची दिशा आकड्यांवरून ठरवावयाची झाल्यास ती कोणीकडून कोणीकडे दाखवावी लागेल, हे सांगावयास नको.

नोंदसंग्रहाच्या परिभाषेतील आणखी एक जोडी विचार करण्यासारखी आहे. शार्कच्या वाटेस मनुष्य आपण होऊन गेला असेल तर ती घटना ‘डिवचल्यामुळे घडलेली’, एरव्ही ‘न डिवचता घडलेली’. हा भेद उपयुक्त आहे. परंतु भाल्याने मासा मारणारा, शार्कची शेपटी ओढणारा, आणि जाळ्यात सापडलेला शार्क सोडविताना हाताला दात लागलेला कोळी, हे सर्व पहिल्या वर्गात जातात. ‘डिवचणे’ म्हणजे मुद्दाम खोडी काढणे. पोटासाठी जाळे ओढणाऱ्या कोळ्याने कोणाचीच खोडी काढलेली नसते. शार्कवरील दोषारोप टाळताना तो नकळत माणसावर टाकला जाऊ नये, म्हणून मराठीत या वर्गास ‘मनुष्याच्या कृतीमुळे घडलेला चावा’ असे साधे नाव देणे अधिक न्याय्य ठरेल.

६. ‘चूक’ हाही हेतूच

‘हल्ला’ नको म्हणणारे पुष्कळदा दुसऱ्या टोकास जातात. शार्क मनुष्याला सील समजून ‘चुकून’ चावतो, असे ते सांगतात. या मतास आधार नाही असे नव्हे. २०२१ साली ऑस्ट्रेलियातील मॅक्वारी विद्यापीठाच्या संशोधकांनी पांढऱ्या शार्कच्या दृष्टीची प्रतिकृति तयार करून असे दाखविले की, अल्पवयीन पांढऱ्या शार्कला खालून पाहताना पोहणारा मनुष्य, फळी वल्हविणारा मनुष्य आणि सील यांच्यातील भेद दिसण्याचा संभव फार थोडा आहे. तथापि ही उपपत्ति सर्व जातींना व सर्व प्रसंगांना लागू करता येत नाही. अनेक शार्क अपरिचित वस्तु तोंडाने चाचपून पाहतात. त्यांना हात नाहीत, आणि तोंड हेच त्यांचे चाचपण्याचे साधन आहे. या क्रियेला काही शास्त्रज्ञ ‘शोधक चावा’ म्हणणे पसंत करतात.

भाषेच्या दृष्टीने पाहता ‘चुकून चावला’ हे वाक्य ‘हल्ला केला’ या वाक्याचेच भावंड होय. चूक होण्यासाठी आधी बेत असावा लागतो, आणि ‘चुकला’ म्हणताच आपण क्षमेच्या भाषेत शिरतो. एका वाक्यात शार्क आरोपी असतो, दुसऱ्यात तो निर्दोष सुटतो, परंतु न्यायालय दोन्हींत तेच असते. ‘शार्क चावला’ एवढेच म्हणणारा मनुष्य त्या न्यायालयात जातच नाही.

७. पीडितांचा आक्षेप

या सर्व विवेचनावर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो आणि त्याचे उत्तर दिल्याशिवाय पुढे जाणे योग्य होणार नाही. ज्याचा हात अथवा पाय गेला त्याने आपल्या अनुभवास काय म्हणावे, हे किनाऱ्यावर बसलेल्या अभ्यासकाने ठरवावे काय? मांडी फाटलेल्या मनुष्यास ‘चावा’ हा शब्द क्षुल्लक वाटणे स्वाभाविक आहे. मुंगीही चावते आणि डासही चावतो. सरकारी निवेदनांतून वापरला जाणारा ‘घटना’ हा शब्द तर त्याहूनही कोरडा. त्यात रक्तही नाही आणि वेदनाही नाही. परिभाषा सौम्य करण्याच्या नावाखाली दुःखच खोडले जात असेल, तर ती सुधारणा नव्हे.

हा आक्षेप मान्य केला पाहिजे. अनुभव सांगणाऱ्याची भाषा आणि घटनेची नोंद करणाऱ्याची भाषा या दोन वेगळ्या भाषा आहेत, आणि पहिलीवर दुसरीने अंकुश ठेवू नये. याचे उद्‌बोधक उदाहरण पीडितांनीच घालून दिले आहे. शार्कच्या चाव्यातून वाचलेल्या काही जणांनी अमेरिकेत शार्कसंरक्षणासाठी गट स्थापन केला आणि २०१० साली संयुक्त राष्ट्रसंघापर्यंत आपले म्हणणे नेले. त्यांत पॉल डी गेल्डर हे ऑस्ट्रेलियन नौदलातील पाणबुडे होते. फेब्रुवारी २००९ मध्ये सिडनी बंदरात बुल शार्कने त्यांचा एक हात व एक पाय निकामी केला होता. या गटाने आपल्या नावात ‘हल्ल्यातून वाचलेले’ हे शब्द कायम ठेवले आणि तरीही शार्कांच्या बाजूने उभे राहण्याचे काम केले. म्हणजे शब्द मनुष्यास बांधीत नाही. परंतु त्या गटातील प्रत्येकास शार्कचा प्रत्यक्ष अनुभव होता. ज्याला तो अनुभव नाही, त्याच्यापाशी मात्र केवळ शब्दच असतो.

८. शब्द आणि कृति

शब्दाचा कृतीवर परिणाम होतो काय, हा शेवटचा प्रश्न. पश्चिम ऑस्ट्रेलियात काही वर्षांत शार्कच्या चाव्याने अनेक मृत्यु झाल्यावर २०१४ च्या आरंभी शासनाने किनाऱ्याजवळ आमिषाचे गळ टाकून मोठे शार्क मारण्याचा प्रयोग केला. मृत्यूंसाठी प्रामुख्याने पांढऱ्या शार्कला जबाबदार धरण्यात आले होते. सुमारे तीन महिन्यांत १७० हून अधिक शार्क गळाला लागले. त्यांत पांढरा शार्क एकही नव्हता. त्याच वर्षी तेथील पर्यावरण प्राधिकरणाने हा कार्यक्रम पुढे न चालविण्याची शिफारस केली. ज्याने इजा केली तो सापडत नाही, सापडतो तो दुसराच, आणि तरीही मारावेसे वाटते. ही प्रतिहल्ल्याची वृत्ति आहे. हल्ल्याला प्रतिहल्ला हेच उत्तर भाषेनेच आधी सुचवून ठेवलेले असते.

उलट उदाहरण आपल्या शेजारी सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर आहे. तेथे व्हेल शार्क या अजस्र पण मनुष्यास निरुपद्रवी माशाची शिकार होत असे. पिंपे बांधून त्याला दमवीत, म्हणून त्याचे नाव ‘बॅरल’ पडले होते. २००१ साली त्यास वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. परंतु कायद्याने जे पुरे साधले नाही ते २००४ पासूनच्या लोकजागृतीने साधले. मोरारीबापूंनी या माशाची तुलना बाळंतपणासाठी माहेरी येणाऱ्या लेकीशी केली, आणि त्यास ‘व्हाली’ म्हणजे ‘लाडकी’ हे नाव मिळाले. त्यानंतर तेथील मच्छिमारांनी आपली जाळी कापून शेकडो व्हेल शार्क सोडून दिले. नुकसानभरपाईची व्यवस्था होती हे खरे, आणि केवळ नावाने हे घडले असे म्हणणे धाडसाचे होईल. तथापि ‘पिंप’ मारण्यात काही वाटत नाही आणि ‘लेक’ मारवत नाही, हे समजण्यास भाषाशास्त्राची गरज नाही.

मनुष्याचे प्राण वाचविण्याच्या बाबतीतही हेच दिसून येते. हल्ला म्हटले की लक्ष हल्लेखोराकडे जाते. चावा म्हटले की ते जखमेकडे जाते. आपल्याकडे साप चावला असता साप शोधून मारण्यात वेळ दवडू नये, रोग्यास प्रथम रुग्णालयात न्यावे, असे वैद्य पुनःपुन्हा सांगतात, ते याच कारणाने. शार्कच्या जखमेत मृत्यु बहुधा रक्तस्रावाने येतो, आणि पहिल्या काही मिनिटांत रक्त थांबविणारा मनुष्य जवळ असणे यावर जगणेमरणे ठरते. काउआईच्या किनाऱ्यावर ते काम एका साध्या दोरीने झाले. समुद्रावर खेळावयास जाणाऱ्या तरुणांना जी गोष्ट अवश्य शिकविली पाहिजे ती हीच : एकट्याने जाऊ नये, आणि दोरी कशी आवळावी ते आधी शिकून घ्यावे.

९. उपसंहार

वरील विचारावरून मराठी वृत्तलेखकांसाठी व परिभाषाकारांसाठी काही सूचना करता येतील. शार्क नुसता दिसला असेल तर ‘शार्क दिसला’ म्हणावे. जवळ आला पण इजा झाली नाही, तर ‘शार्कशी गाठ पडली’ म्हणावे. इजा झाली असेल तर ‘शार्क चावला’ म्हणून ती कोठे व किती झाली हे स्पष्ट सांगावे. मृत्यु झाला असेल तर ‘शार्कच्या चाव्याने मृत्यु’ म्हणावे. ‘हल्ला’ हा शब्द पीडिताच्या तोंडी आला तर तो तसाच द्यावा, बातमीदाराने आपल्या पदरचा घालू नये. आणि शक्य तेथे शार्कबरोबर ‘मुशी’ हा आपला शब्दही लिहावा, म्हणजे बातमीतील प्राणी व बाजारातील प्राणी हे एकाच कुळातील आहेत, याचे वाचकास स्मरण राहील.

या सूचनांत नवे असे काही नाही. मराठी मनुष्य कुत्र्याविषयी, विंचवाविषयी व सापाविषयी जे आजवर बोलत आला, तेच समुद्रातील या प्राण्याविषयी बोलावे, इतकेच त्यांचे तात्पर्य आहे. ज्याचा हात गेला त्याचे दुःख यामुळे कमी होणार नाही. पण पुढच्या वेळी, किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसांची नजर पाण्यातील पाठमोऱ्या परावरून निघून वाळूवरील जखमी मुलाकडे थोडी लवकर वळेल, अशी आशा बाळगावयास हरकत नाही.